केस पेपरपासून डिस्चार्जपर्यंत: रुग्णालयातील संगणक प्रणालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः महाराष्ट्रातल्या लहान-मध्यम रुग्णालयांत काम करणाऱ्यांसाठी आहे. नोंदणीच्या काउंटरवर बसणारे, एमआरडी म्हणजे पेशंटच्या जुन्या नोंदींचा विभाग सांभाळणारे, वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर आणि स्वतःचे पैसे घालून प्रणाली घ्यायला निघालेले डॉक्टर माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पेशंट आणि नातेवाईक विचारतात तेही काही प्रश्न घेतले आहेत. माझे मत आधीच सांगते: प्रणाली कितीही महाग असो, ती चालणार की नाही हे नोंदणीच्या खिडकीवर ठरते. तिथे माणूस चुकीचा नोंदवला गेला, की पुढे प्रयोगशाळा, औषधे, बिल, विमा सगळीकडे ती चूक त्याच्यामागे फिरते. म्हणून इथे सर्वांत जास्त जागा त्या खिडकीला दिली आहे.

रुग्ण प्रशासनाची प्रणाली आणि डॉक्टर वापरतात ते सॉफ्टवेअर एकच का?

बहुतेक ठिकाणी एकाच पॅकेजमध्ये येतात, पण कामे वेगळी आहेत. रुग्ण प्रशासन म्हणजे पेशंट कोण, कधी आला, कुठल्या डॉक्टरांकडे, कुठल्या खाटेवर, कुठून कुठे हलवला, कधी गेला आणि त्याचे बिल कोण भरणार. तपासणीतले निष्कर्ष, औषधांच्या ऑर्डर, प्रगतीच्या नोंदी हा वैद्यकीय भाग. दुसरा भाग पहिल्यावर उभा असतो. पहिला नीट बसलेला नसताना थेट 'पेपरलेस' व्हायला निघालेली रुग्णालये पुन्हा रजिस्टरकडे वळलेली मी पाहिली आहेत.

यूएचआयडी, ओपीडी नंबर, आयपीडी नंबर, आभा... एका माणसाला इतके क्रमांक कशाला?

यूएचआयडी म्हणजे रुग्णालयाने पेशंटला दिलेला ओळख क्रमांक, तो माणसाचा असतो. एकदा दिला की त्या रुग्णालयात जन्मभर तोच. ओपीडी आणि आयपीडी क्रमांक त्या त्या भेटीचे किंवा दाखल होण्याचे असतात, ते दर वेळी नवे. तीन वेळा दाखल झालेल्या आजींचा यूएचआयडी एक आणि आयपीडी क्रमांक तीन असायला हवेत. काही जुन्या प्रणालींत दर भेटीला नवा क्रमांक पडतो आणि त्यालाच सगळे 'पेशंट नंबर' म्हणतात. अशा प्रणालीत मागचे काहीच सापडत नाही.

आभा हा १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक देशपातळीवरचा आहे, रुग्णालयाचा नाही. तो यूएचआयडीला जोडायचा, त्याच्या जागी वापरायचा नाही. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

एकाच पेशंटच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी होतातच कशा?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर आपल्या नावांत, घरांत आणि सकाळच्या रांगेत आहे.

नावापासून सुरू करू. आपल्याकडे कुणी आडनाव आधी सांगते, कुणी शेवटी. बाई माहेरच्या नावाने प्रसूतीला येते आणि दोन वर्षांनी सासरच्या नावाने दाखल होते. नाव रोमन लिपीत टाइप केले जाते आणि तिथे प्रत्येकाची पद्धत वेगळी. ज्ञानेश्वर हे नाव आपण 'डी एन' ने सुरू करतो, हिंदी भाषक ऑपरेटर ते 'जी वाय' ने टाइप करतो. वाघ कुणी 'व्ही' ने लिहितो, कुणी 'डब्ल्यू' ने. विक्रेते सांगतात की आमच्या प्रणालीत उच्चारावरून शोध आहे. तो बहुधा साउंडेक्स या पद्धतीवर बेतलेला असतो. ती १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट झाली, तिथल्या आडनावांसाठी. तिचा नियम असा की पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवायचे आणि उरलेल्यांना अंक द्यायचे. म्हणजे 'डी' ने लिहिलेला ज्ञानेश्वर आणि 'जी' ने लिहिलेला ज्ञानेश्वर तिच्या दृष्टीने कायम दोन माणसे. विक्रेता डेमो द्यायला आला की ही दोनच नावे टाइप करायला सांगा, बाकीचे आपोआप कळेल.

मग जन्मतारीख. मोठ्या वयाच्या पेशंटला ती माहीत नसते. 'पन्नास-पंचावन्न लिहा' असे सांगितले जाते आणि पुढच्या वेळी 'साठ'. ज्यांच्याकडे कागद आहे त्यांच्यातल्या कितीतरी जणांची तारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. एकाच गावातले, एकाच नावाचे आणि १ जूनलाच जन्मलेले दोन पेशंट मिळणे अजिबात दुर्मीळ नाही. म्हणून जन्मतारखेवर एकट्यावर भिस्त ठेवू नका आणि 'अंदाजे वय' असा वेगळा रकाना नक्की ठेवा, म्हणजे अंदाजाची तारीख खऱ्या तारखेसारखी मिरवणार नाही.

तिसरी गोष्ट मोबाईल. घरात एकाचा नंबर सगळ्यांसाठी दिला जातो, बहुधा मुलाचा किंवा जावयाचा. नंबर शोधायला उत्तम आहे, ओळख पटवायला अपुरा. नंबर टाकल्यावर त्या घरातली सगळी नावे पडद्यावर यायला हवीत आणि ऑपरेटरने विचारून त्यातले एक निवडायला हवे. नंबर कुणाचा, याचा 'नाते' असा रकाना लहानसा वाटतो, पण रात्री दोनला नातेवाइकांना फोन करायची वेळ येते तेव्हा त्याची किंमत कळते.

आणि शेवटी रांग. सकाळी नऊ ते अकरा खिडकीपुढे गर्दी असते. जुनी नोंद शोधायला दहा सेकंद लागत असतील आणि नवी करायला पाच, तर नवीच केली जाणार. यात ऑपरेटरचा आळस शोधू नका. शोध वेगवान करा, आणि आधी शोधल्याशिवाय 'नवीन पेशंट' हे बटण उघडणारच नाही अशी रचना करून घ्या. नोंद झाल्यावर नाव, वय, गाव पेशंटला मोठ्याने वाचून दाखवायची सवय लावा. याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय मला दुसरा माहीत नाही.

दुहेरी नोंद सापडली तर जुनी डिलीट करायची का?

कधीच नाही. दोन्ही नोंदी जोडायच्या. एक क्रमांक मुख्य राहतो, दुसरा त्याच्याकडे बोट दाखवत जिवंत राहतो, कारण तो जुन्या रिपोर्टवर आणि पावत्यांवर छापलेला आहे. जोडण्याचा अधिकार काउंटरला देऊ नका. तो एमआरडीतल्या एक-दोन जबाबदार माणसांकडेच असावा, आणि जोडण्याआधी त्यांनी जुने रिपोर्ट, रक्तगट, पत्ता पडताळावा. दोन वेगळी माणसे चुकून एक झाली तर ते दुहेरी नोंदीपेक्षा कितीतरी घातक असते: एकाची अॅलर्जी दुसऱ्याच्या फाइलमध्ये दिसत नाही, एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर चढतो. म्हणून जोडलेले पुन्हा सुटे करता येते का, हे खरेदीआधीच विचारा. बऱ्याच प्रणालींत ते करता येत नाही.

बेशुद्ध, अनोळखी पेशंट आला तर काय नाव टाकायचे?

'अनोळखी पुरुष' एवढेच टाकले तर एका रात्रीत दोन जण आल्यावर घोळ होतो. तारीख, वेळ आणि अनुक्रमांक जोडून तात्पुरते नाव द्या, पण यूएचआयडी कायमचाच द्या. ओळख पटली की त्याच क्रमांकावर नाव बदला. अपघात असल्यास एमएलसीची, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरणाची, खूण नोंदणीतच पडली पाहिजे, म्हणजे पोलिसांना कळवणे आणि पुढे कागद जपणे दोन्ही सुटणार नाही.

नवजात बाळाचे काय?

बाळाला जन्मतःच स्वतःचा यूएचआयडी द्या आणि तो आईच्या क्रमांकाशी जोडा. 'बेबी ऑफ' अमुक असे नाव तात्पुरते चालते. जुळी असतील तर पहिले-दुसरे हा क्रम मनगटावरच्या पट्टीवर आणि प्रणालीत एकसारखा हवा. बारशानंतर नाव बदलायला पालक येतात तेव्हा नोंद नव्याने होते आणि बाळाच्या पहिल्या दिवसांचे सगळे रिपोर्ट 'बेबी ऑफ' च्या नावाखाली अडकून राहतात. लसीकरणाच्या पहिल्या फेरीलाच नाव अद्ययावत करून घ्या. जन्माची खबर निबंधकाकडे २१ दिवसांत जायला हवी, त्याची यादी प्रणालीने रोज काढून दिली तर प्रसूती विभागाचा मोठा भार हलका होतो.

आभा नसेल तर पेशंटला परत पाठवता येते का?

नाही. आभा ऐच्छिक आहे आणि ते नाही म्हणून उपचार नाकारणे चूक आहे. नातेवाइकांनो, काउंटरवर कुणी 'आधी आभा काढून या' म्हणाले तर शांतपणे साध्या नोंदणीचा आग्रह धरा.

राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०२० ला झाली. सहा केंद्रशासित प्रदेशांत ते आधी राबवले गेले आणि २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर सुरू झाले. काउंटरच्या दृष्टीने त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सुरू झाली. पेशंट भिंतीवरचा कोड आपल्या मोबाईलवर स्कॅन करतो, नाव, वय, पत्ता थेट प्रणालीत येतो आणि त्याला टोकन मिळते. नावाचे स्पेलिंग ऑपरेटरच्या कानावर अवलंबून राहत नाही. वर सांगितलेला निम्मा घोळ इथेच मिटतो, म्हणून मी या सोयीच्या बाजूने आहे. मात्र स्मार्टफोन नसलेल्या पेशंटसाठी वेगळी खिडकी चालूच हवी, आणि ती कोपऱ्यात ढकललेली नको.

प्रणालीत खाट रिकामी दिसते, वॉर्डात माणूस असतो. असे का?

कारण 'डिस्चार्ज सांगितला', 'बिल भरले', 'पेशंट गेला' आणि 'खाट स्वच्छ झाली' या चार वेगळ्या घटना आहेत आणि प्रणालीत बहुधा एकच बटण असते. बिल झाल्यावर खाट रिकामी दाखवणारी प्रणाली काउंटर आणि वॉर्ड यांच्यात रोज भांडण लावते. खाट मोकळी करण्याचे बटण वॉर्डातल्या सिस्टरकडे असावे, मावशींनी चादर बदलल्यावर दाबायचे.

उलट बाजूही आहे. आयसीयूतून वॉर्डात हलवलेला पेशंट प्रणालीत आयसीयूतच राहतो आणि त्याच्या बिलात आयसीयूचे भाडे चढत जाते. म्हणून रात्री बाराचा सेन्सस अजून सोडू नका. सिस्टरने प्रत्येक खाट डोळ्यांनी पाहून पडद्याशी ताडून बघायची. भरलेल्या खाटांची टक्केवारी, सरासरी मुक्काम असले सगळे अहवाल याच एका मोजणीवर उभे असतात.

डॉक्टर सकाळी दहाला 'घरी जा' म्हणतात, बाहेर पडायला संध्याकाळ का होते?

नातेवाइकांचा हा राग रास्त आहे. प्रणाली असूनही असे होते, कारण उशीर संगणकात नसतो, तो टप्प्यांच्या मधल्या जागांत साचतो.

राउंडमध्ये डॉक्टर तोंडी सांगतात. डिस्चार्ज कार्ड लिहायचे हाउसमन म्हणजे कनिष्ठ डॉक्टरकडे, पण तो ओपीडीत अडकलेला. वॉर्डातली उरलेली औषधे फार्मसीला परत जायची असतात आणि त्याशिवाय बिल बंद होत नाही. सकाळी काढलेल्या रक्ताचा चार्ज अजून पडलेला नसतो. मग बिलिंगला आठवते की डिपॉझिटची एक पावती दुसऱ्या यूएचआयडीवर आहे. कॅशलेस असेल तर सगळे कागद टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे जातात.

विम्याच्या टप्प्याला आता मुदत आहे. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि रुग्णालयाची डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा रक्कम लावली तर ती विमा कंपनीने सोसायची. पण घड्याळ विनंती पोचल्यापासून सुरू होते. कार्डच दुपारी दोनला तयार झाले तर या नियमाचा पेशंटला फारसा उपयोग नाही.

उपाय एकच आहे आणि तो साधा आहे: प्रत्येक टप्प्याची वेळ प्रणालीने आपोआप नोंदवावी. डॉक्टरांनी सांगितले, कार्ड झाले, औषधे परत गेली, बिल झाले, विनंती पाठवली, मंजुरी आली, पेशंट गेला. महिनाभराच्या वेळा समोर ठेवल्या की वाद संपतात. बऱ्याचदा असे दिसते की सगळे टीपीएला दोष देत असतात आणि सर्वांत मोठे अंतर पहिल्या दोन टप्प्यांत असते. मग आदल्या संध्याकाळी 'उद्या बहुधा डिस्चार्ज' अशी खूण करायची पद्धत सुरू करता येते, कार्डाचा कच्चा मसुदा रात्रीच होतो आणि रोजचे अंतरिम बिल नातेवाइकांच्या हातात असल्यामुळे शेवटच्या दिवशी आकडा ऐकून धक्का बसत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेची माहिती पुन्हा वेगळ्या पोर्टलवर भरावी लागते. आमची प्रणाली असून फायदा काय?

दुहेरी टंकलेखन बहुतेक ठिकाणी अजून होते आणि ते खरोखर जाच आहे. निदान एवढे करा: योजनेचा क्रमांक, मंजुरीची तारीख, मंजूर रक्कम यांसाठी आपल्या प्रणालीत रकाने ठेवा आणि योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला ती माहिती पाहायला द्या. योजनेचा पेशंट नोंदणीतच ओळखला गेला नाही, तर त्याच्याकडून चुकून डिपॉझिट घेतले जाते आणि ते परत मिळवायला त्या कुटुंबाला खेटे घालावे लागतात. हे थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

कोणती प्रणाली घ्यावी?

नाव सांगून शिफारस करणार नाही, पण पर्याय सांगते. सरकारी रुग्णालयांसाठी एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेची ई-हॉस्पिटल आहे. तिच्या विकासात त्रिपुरातल्या एनआयसीचा मोठा वाटा आहे, आणि घरबसल्या अपॉइंटमेंट देणारी ओआरएस ही सोय २०१५ मध्ये तिच्या जोडीला आली. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची ई-सुश्रुत आहे. मुक्त स्रोतातली बहमनी आहे, जी छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारी इथल्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी ओपनएमआरएस या मुक्त स्रोत वैद्यकीय नोंद-प्रणालीच्या पायावर बांधली गेली. ग्रामीण, कमी साधनांच्या जागेचा विचार तिच्या मुळातच आहे. तिला परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण सांभाळणारा माणूस लागतो, आणि तो खर्च धरलाच पाहिजे. खासगी विक्रेते असंख्य आहेत.

मानकांबद्दल विचारा. केंद्र सरकारची ईएचआर म्हणजे इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये आली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्यांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यात सी-डॅकमध्येच आहे. निदानासाठी आयसीडी, प्रतिमांसाठी डायकॉम, माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एफएचआयआर. विक्रेता 'सगळे आहे' म्हणाला तर एका पेशंटची नोंद त्या स्वरूपात बाहेर काढून दाखवायला सांगा.

कंपनी बदलली किंवा करार संपला तर जुन्या माहितीचे काय?

करारावर सही करण्याआधी विचारायचा हा प्रश्न आहे, नंतर उपयोग नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली आधीची प्रणाली २०२२ मध्ये थांबली तेव्हा केस पेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. लहान रुग्णालयात हेच एका विक्रेत्याने फोन उचलणे बंद केल्यावर होते. माहिती रुग्णालयाच्या मालकीची राहील, मागितल्यावर वाचता येईल अशा स्वरूपात सर्व तक्त्यांसह मिळेल आणि करार संपल्यावरही ठरावीक काळ ती पाहता येईल, हे शब्द करारात हवेत. वर्षातून एकदा ती खरोखर मागवून उघडून पाहा.

सर्व्हर बंद पडला तर?

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातले सर्वांत मोठे नाव असलेले रुग्णालय कितीतरी दिवस कागदावर चालले. नोंदणी, तपासण्या, बिल सगळे हाताने. तिथले कर्मचारी काम करू शकले, कारण कागदावर काम कसे करायचे हे त्यांना येत होते. दहा वर्षांनी ज्यांनी कधी केस पेपर हाताने लिहिलाच नाही, अशा पिढीच्या हातात काउंटर असेल. म्हणून छापील फॉर्मचा गठ्ठा, आधीच राखून ठेवलेले यूएचआयडी आणि दाखल पेशंटची दर काही तासांनी आपोआप निघणारी यादी प्रत्येक वॉर्डात असू द्या. प्रणाली परत आली की नोंदी खऱ्या वेळेनिशी भरायच्या, भरल्याच्या वेळेनिशी नाही.

बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी, नाहीतर हल्ल्यात तीही जाते. आणि बॅकअप 'घेतला जातो' हे पुरेसे नाही, त्यातून माहिती परत आणून पाहिली का, ते विचारा.

पेशंटची माहिती कुणाकुणाला दिसावी?

ज्याला त्या कामासाठी लागते त्यालाच. काउंटरला निदान दिसायची गरज नाही, बिलिंगला मानसोपचाराच्या नोंदी दिसायची गरज नाही. एचआयव्हीच्या माहितीची गोपनीयता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, मानसिक आरोग्याबाबत त्याच वर्षीचा दुसरा कायदा आहे, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण व्यवहारात गळती होते ती पासवर्डमुळे. एका सिस्टरच्या लॉगिनवर तिन्ही पाळ्या चालतात, मग कुणी काय पाहिले याची नोंद असूनही तिला अर्थ उरत नाही. प्रत्येकाचे स्वतःचे लॉगिन आणि पटकन आत-बाहेर करता येईल अशी सोय द्या. लॉगिनला अर्धा मिनिट लागत असेल तर पासवर्ड वाटला जाणारच.

वॉर्डाच्या दाराजवळच्या मोठ्या पडद्यावर नावापुढे आजार लिहिणे आजच बंद करा.

कागद आणि नोंदी किती वर्षे ठेवायच्या? पेशंटने मागितल्या तर?

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या. एमएलसीच्या नोंदी खटला संपेपर्यंत ठेवा. लहान मुलांच्या नोंदी ते सज्ञान होईपर्यंत तरी ठेवाव्यात असा माझा आग्रह असतो. पेशंटला नोंदी मिळण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केला आहे. बिल बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवू नका. प्रणालीतून प्रत काढायला दोन मिनिटे लागतात, ती द्या आणि दिल्याची नोंद करा.

प्रणाली मराठीत हवी का?

छापील गोष्टी मराठीत हव्यात: औषध कधी घ्यायचे, पुन्हा कधी यायचे, कुठल्या लक्षणांवर ताबडतोब यायचे. डिस्चार्ज कार्डाचा हा भाग इंग्रजीत देऊन उपयोग नाही. नाव दोन्ही लिपींत साठवता आले तर सर्वांत चांगले, कारण देवनागरीत स्पेलिंगचे घोळ फार कमी होतात.

सुरुवात कुठून आणि कधी करावी?

नोंदणीपासून करा, मग दाखल-बदली-डिस्चार्ज, मग बिल. सगळे विभाग एकाच दिवशी सुरू करू नका. पावसाळ्यात डेंगी-मलेरियाच्या गर्दीत तर नाहीच. डिसेंबर-जानेवारी बरा. सुरुवातीच्या दिवसांत विक्रेत्याचा माणूस काउंटरवर उभा हवा, फोनवर नको. प्रशिक्षण रात्रपाळीलाही द्या, कारण बहुतेक ठिकाणी ते फक्त दिवसाच्या लोकांना मिळते आणि चुका रात्री होतात. आणि काउंटरवरच्या ज्या मुलीला गावातली निम्मी घरे नावानिशी माहीत आहेत, तिला प्रणाली निवडतानाच बैठकीत बसवा.